रोमन बायकांचे कपडे भाड्यानं घेताय? सांगलीतल्या एका ड्रेपरीचं परीक्षण

गावभागातल्या या नाटकाच्या ड्रेपरीत 'रोमन लेडीज' म्हणून एकच सेट मिळतो. पांढरा सॅटिनचा घोळदार गाऊन, सोनेरी कमरपट्टा, पानांचा मुकुट आणि जांभळी जरीकाठी ओढणी. शिलाई पक्की, कपडे धुतलेले, इस्त्री केलेले. व्यवहारही सरळ आहे. तरी एकांकिका स्पर्धेसाठी सेट आहे तसा उचलू नका. सेनेटरची बायको, दासी आणि वेश्या, तिघींना हाच गाऊन देतात. आणि रोममध्ये बाईचा कायद्यातला दर्जा मुळात कपड्यांवरून कळायचा.

लग्न झालेल्या नागरिक स्त्रीनं ट्युनिकावर, म्हणजे आतल्या अंगरख्यावर, पायघोळ स्टोला (खांद्यावर पट्ट्यांचा झगा) घालायचा, बाहेर पडताना डोक्यावरून पाल्ला (ओढणीसारखं लांब वस्त्र) घ्यायचा. दासीला नुसती साधी ट्युनिका. टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं मोठं वस्त्र, पुरुषांचा, पण लग्नाआधी नागरिकाच्या मुलीही काठाचा टोगा घालत, आणि वेश्येची ओळखही टोगाच. पानांचा मुकुट विजयी सेनापतीचा. तो दुकानातच राहू द्या.

स्टोला शिवूनच घ्या. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला ४४ इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड पुरतं. १६० सेंटिमीटरचे दोन तुकडे, हातासाठी वरून २५ सेंटिमीटर सोडून बाजू शिवायच्या, खांद्यावर पट्ट्या. कमरेऐवजी छातीखाली सुती दोरी बांधून वरचं कापड थोडं ओढून घ्या, लांबी तिथंच जुळते. सॅटिन इथं दगा देतं: लाइटखाली चकाकतं, खांद्यावरून घसरतं, सेफ्टी पिननं उसवतं. जाड खादीच्या चुण्या जागेवर बसतात.

दुकानातली ओढणी पाल्लासाठी तोकडी पडते, साडेतीन मीटर तरी हवी. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढं, बाकीचं पाठीमागून उजव्या काखेखालून आणून डाव्या हातावर. आपल्या मुलींना पदर खोचायची सवय. पाल्ला खोचत नाहीत, डावा हात त्यातच अडकलेला राहतो. म्हणून तालमीपासूनच तो अंगावर हवा, नाहीतर प्रयोगात हातवारे करताना सुटतो.

मोकळ्या केसांचा विग फक्त शोकाच्या प्रसंगाला घ्या. एरवी केस बांधलेले. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात कपाळावर गाठ आणि मानेवर अंबाडा, इ.स. ६९ नंतरच्या नाटकात पुढं कुरळ्या बटांचा उंच डोलारा. पिना लावण्यापेक्षा सुई-दोऱ्यानं टाके घाला. रोमन केशभूषाकार दासी तेच करत.

वधूची ओढणी ज्वालेच्या रंगाची, पिवळी-केशरी. लाल ओढणी चालणार नाही. कमरेला हर्क्युलिसची गाठ: उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून.

दागिने काळ बघून घ्या. इ.स.पू. २१५ च्या ओप्पियन कायद्यानं बाईला अर्ध्या उन्सियापेक्षा, म्हणजे साधारण १३-१४ ग्रॅमपेक्षा जास्त सोनं आणि रंगीबेरंगी वस्त्रं वर्ज्य होती. इ.स.पू. १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तो रद्द झाला. मधल्या वीस वर्षांतलं नाटक असेल तर जांभळी ओढणी आणि कमरपट्टा बादच. इ.स.पू. ४२ चं हॉर्टेन्सियाचं भाषण करत असाल (१४०० श्रीमंत बायकांवर लादलेला कर तिच्या बोलण्यानं ४०० जणींवर आला, फार दमदार प्रसंग) तर डोकं झाकलेलं आणि अंगावर स्टोला हवाच.

या दुकानातून दासींच्या ट्युनिका मात्र जरूर घ्या. आधी सांगितलं तर साधे सुती अंगरखे वेगळे काढून देतात. पॅनकेक मेकअपचा डाग पडला की अनामत कापतात, म्हणून गळ्याला आतून सुती पट्टी कच्च्या टाक्यांनी लावा.