जुन्या एमएम ५४० जीपसाठी साताऱ्याजवळचे एक गॅरेज

स्टार्टर फिरूनही महिंद्राची एमएम ५४० सुरू होत नसेल, तर बरेच मिस्त्री थेट डिझेल पंप उतरवायला सांगतात; साताऱ्याजवळच्या या छोट्या गॅरेजमध्ये मात्र आधी सायलेन्सरमधून धूर येतो का, हे पाहिले गेले. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते पण पेटत नाही. अशा वेळी संशय हीटर प्लगांवर (सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे प्लग) जातो, कारण थंडीत त्यांच्यावाचून या २११२ सीसीच्या प्यूजो इंजिनाचे पान हलत नाही. आमच्या गाडीतून धूरच नव्हता, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हते. मिस्त्रींनी डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू (आत अडकलेली हवा सोडायचा) सैल करून हातपंप मारला, तेव्हा डिझेलबरोबर बुडबुडे निघत राहिले आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली गेलेली बारीक चीर सापडली. नळी बदलून, एअर काढल्यावर इंजिन लगेच बोलले. जुनी नळी न मागता हातात मिळाली आणि बिलात मजुरी वेगळी लिहिलेली होती. वेळ फार लागतो, बसायला धड सावली नाही, फोन तर उचलतच नाहीत (हात कायम काळे!). कॉमन रेल (म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनाच्या) गाडीवाल्यांनी मात्र दुसरीकडे जावे, इथे स्कॅनर नाही.