रोख्यामागे कोणतं शुल्क: प्रवासी, भाड्याची गाडी की कंटेनर?

न्यूअर्कहून मुंबईला येण्याच्या तिकिटात करांची यादी नीट वाचली, तर ‘एक्सएफ’ या खुणेपुढे साडेचार डॉलर दिसतात. काही सेंट सोडले तर हे पैसे विमान कंपनीकडे राहत नाहीत. ते विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीकडे, म्हणजे बंदरं आणि विमानतळ दोन्ही सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातात. अमेरिकेत अशा शुल्कांच्या भरवशावर महसुली रोखे काढतात, म्हणजे त्या शुल्काच्या वसुलीतून फेडायचं कर्ज घेतात, आणि तिकडे स्थायिक झालेले आपले बरेच लोक बचतीचा काही भाग या म्युनी बाँडमध्ये, म्हणजे स्थानिक सरकारी संस्थांच्या रोख्यांमध्ये, ठेवतात. रोख्यांच्या यादीत सगळ्यांची नावं सारखीच भारदस्त दिसतात. मी मात्र व्याजदराच्या आधी एकच गोष्ट शोधतो: वाईट वर्षात तूट कोण भरणार?

‘एक्सएफ’ म्हणजेच प्रवासी सुविधा शुल्क. त्याला १९९० च्या कायद्याने परवानगी मिळाली, तेव्हा मर्यादा ३ डॉलर होती. २००० च्या कायद्याने ती ४.५० वर नेली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. सिमेंट, पोलाद, मजुरी सगळं वाढलं तरी हा आकडा हलला नाही. वसुली विमान कंपनी करते आणि दर शुल्कामागे ११ सेंट स्वतःकडे ठेवते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर हे पैसे वेगळे राखलेच पाहिजेत, असं २००३ च्या कायद्याने ठरवलं. रोखेधारकासाठी ही मोठी सोय आहे. पण पैसा फक्त संघराज्याच्या विमान प्रशासनाने मंजूर केलेल्या कामालाच लावता येतो, आणि प्रवासी घटले तर बंदराला दर वाढवून भर काढता येत नाही. तिथला विमानतळही चालवणाऱ्या सिअ‍ॅटल बंदराने १९९८ मध्ये निव्वळ या शुल्कावर रोखे काढले होते. असे रोखे हातात असतील तर तुमची खरी पैज प्रवाशांच्या संख्येवर असते. १४ एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांच्या सुरक्षा तपासणीतून ९० हजारांहूनही कमी माणसं गेली. आदल्या वर्षी याच सुमारास रोज २२ लाखांच्या आसपास जात होती.

भाड्याच्या गाडीवरचं ग्राहक शुल्क वेगळ्या स्वभावाचं आहे. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर आणि सिअ‍ॅटलमध्ये ते दिवसाला ६ डॉलरपर्यंत नेलं गेलं. साडेचार डॉलरसारखी केंद्राची मर्यादा इथे नाही, त्यामुळे राज्याच्या कायद्यात राहून बंदराचं मंडळ दर वाढवू शकतं. शिवाय बऱ्याच करारांत शुल्क अपुरं पडलं तर गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी जादा भाडं भरायचं असतं. कागदावर हे प्रवासी शुल्कापेक्षा सरस दिसतं. माझी शंका पुढच्या वीस वर्षांची आहे: विमानतळावर उतरून ॲपवरून टॅक्सी बोलावणारा माणूस हे शुल्क भरत नाही. आणि बाजार बिघडला की काम सुरू असतानाही फटका बसतो. रोखेबाजार गोठल्यामुळे सिअ‍ॅटलच्या गाडीभवनाचं, म्हणजे भाड्याच्या गाड्यांच्या एकत्रित इमारतीचं, काम डिसेंबर २००८ मध्ये थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं आणि इमारत २०१२ मध्ये उघडली.

सगळ्यांत शिकण्यासारखा मला अलामीडा कॉरिडॉर वाटतो. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या शेजारच्या दोन बंदरांनी मिळून बांधलेला हा सुमारे ३२ किलोमीटरचा मालगाडी मार्ग एप्रिल २००२ मध्ये सुरू झाला. त्यातला निम्मा रस्त्याखाली खोदलेल्या चरातून जातो, त्यामुळे सुमारे २०० फाटकं टळली. खर्च साधारण २४० कोटी डॉलर, त्यातले सुमारे ११६ कोटी रोख्यांतून. परतफेड रेल्वे कंपन्या भरतात त्या कंटेनर शुल्कातून होते. सुरुवातीला भरलेल्या वीसफुटी कंटेनरला १५ डॉलर आणि चाळीसफुटीला ३० असा दर होता, आणि तो महागाईप्रमाणे दरवर्षी किमान दीड, कमाल साडेचार टक्के वाढतो. शुल्क कमी पडलं तर दोन्ही बंदरं मिळून वार्षिक परतफेडीच्या ४० टक्क्यांपर्यंत भर घालतात.

एवढी तटबंदी असूनही अंदाज चुकले. २००९ च्या मंदीत माल घटला. पुढे आयातदार बंदराजवळच कंटेनर रिकामे करून माल ५३ फुटी देशी डब्यांत भरू लागले, आणि ट्रकने निघालेल्या त्या मालावर हे शुल्क लागत नाही. शेवटी परतफेड लांबवण्यासाठी पुन्हापुन्हा पुनर्वित्त करावं लागलं, म्हणजे नवे रोखे काढून जुने फेडावे लागले. आराखड्यातली माणसं हुशारच होती, पण माल कुठल्या वाटेने जाईल हे शुल्क लावणाऱ्याच्या हातात नसतं.

न्यूयॉर्क-न्यूजर्सी पोर्ट ऑथॉरिटीचे एकत्रित रोखे याच्या उलट टोकाला आहेत. १९५२ च्या ठरावापासून पूल, बोगदे, विमानतळ आणि बंदरं यांचं निव्वळ उत्पन्न एकाच थैलीत येतं, आणि फेडायच्या बाकी असलेल्या रोख्यांच्या १० टक्के इतका राखीव निधी ठेवावा लागतो. तिथे व्याज कमी मिळेल. निवृत्तीच्या पैशासाठी मी तेच घेईन. दुसरा क्रमांक तूट भरण्याचं बंदराचं लेखी वचन असलेल्या रोख्यांचा, मग गाडीच्या शुल्काचे, आणि निव्वळ प्रवासी शुल्काचे शेवटी, तेही राखीव निधी भरलेला असेल तरच.

करांची बाजूही बघाच. गाडीभवनांचे रोखे अनेकदा अमेरिकेतही करपात्र असतात. आणि भारतात कायमचं परतायचा बेत असेल तर म्युनी बाँडची अमेरिकी करमाफी इथे चालत नाही: आयकराच्या हिशेबाने पूर्ण निवासी ठरलात की ते व्याज भारतातल्या उत्पन्नात धरलं जातं.