वृद्धाश्रमातलं 'मोफत कान तपासणी शिबिर' आणि आमचे ४३,६६० रुपये

शिबिर मोफत होतं, कानाचं मशीन नव्हतं. एका कानाचे १८,५००, दोन्हींचे ३७,०००, वर १८ टक्के जीएसटी ६,६६०. जागच्या जागी यूपीआयने भरले, कारण 'ऑफर आजच्यापुरती'.

आत्या फोंड्याजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. पांढरा कोट घातलेला पोरगा, लॅपटॉप, आश्रमाच्या बाई स्वतः शेजारी उभ्या. कोण संशय घेणार?

पण तपासणी चालली होती जेवणाच्या खोलीत. आत कुकरच्या शिट्ट्या, डोक्यावर पंख्याची घरघर, आणि हा हेडफोन लावून सांगतोय, "आजी, आवाज आला की बोट वर करा." ही चाचणी बंद, शांत खोलीत करतात एवढं मलाही ठाऊक होतं. तिथेच उठायला हवं होतं! शेजारच्या खाटेवरच्या मावशींचा तपासणीचा आलेख नंतर पाहिला. आत्याचा नि त्यांचा तंतोतंत एकच, वरचं नाव तेवढं वेगळं. कानात टॉर्च मारून कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर दोन्ही कानांत मळाचे बोळे! ते काढल्यावर आत्या बरंच ऐकू लागली. आधी मळ काढून घ्या, मग मशीनचं बघा. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ईएनटी (कान-नाक-घसा) विभाग आहे, तिथे न्या.

आणि तो जीएसटी! श्रवणयंत्रांवर जीएसटी शून्य आहे. बिलावर दिसत होता, पण मी काय सीए आहे? तुम्ही मात्र बघा.

आश्रमाच्या बाई म्हणतात, "आम्ही फक्त जागा दिली." पोलीस म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा." तिथे कारकुनाला विक्रेत्याचा पत्ता हवा. बिलावरच्या पत्त्यावर म्हापशात मोबाइल कव्हरचं दुकान! परत ठाण्यावर गेले, तर "पत्ता शोधणं आमचं काम नाही." मग कोणाचं, माझं? वर म्हणे जबाबाला आत्यालाच आणा. ८१ वर्षांची बाई, वॉकरवर चालणारी, आणि कमी ऐकू येतं हीच तर तक्रार!

तपासणाऱ्याचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा, तोंड कसं उतरतं बघा. ट्रायलला मशीन घरी देत नसेल तर उठा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मोफत असतं, हे असले पोरगे कधी सांगणार नाहीत.

त्याचा नंबर अजून चालू आहे. माझा फोन उचलत नाही, पण व्हॉट्सॲप स्टेटसवर नवा बॅनर टाकलाय: येत्या रविवारी डिचोलीत, ज्येष्ठांसाठी, मोफत.