थरथरणारा मनगटी पट्टा: शिमग्यापासून पावसाळ्यापर्यंत वापरून

मला अशर सिंड्रोम आहे. ऐकू जन्मापासूनच कमी आणि नजर कडेकडेने आकसत चाललेली. बहिऱ्यांसाठी लुकलुकणाऱ्या दिव्याची बेल मिळते, पण दिव्याकडे पाठ असली की ती माझ्या काही कामाची नाही. म्हणून शिमग्याच्या आधी हा पट्टा घेतला. आवाज पकडायला एक मायक्रोफोन, तो मनगटावर थरथरून कळवायला आत चार छोट्या मोटरी, बस्स.

यातून बोलणं कळेल या आशेवर कुणी घेऊ नका. कातडीला साधारण 1000 हर्ट्झच्या (सेकंदाला 1000 कंपनांच्या) वरचं जवळपास काहीच जाणवत नाही, सगळ्यात चांगलं कळतं ते 250 च्या आसपास. 'स', 'श' त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे पट्टा उंच पट्टीचा आवाज एका टोकाच्या मोटरीला देतो, खर्ज दुसऱ्या टोकाच्या. माझ्या हातावर कुकरची शिट्टी अंगठ्याकडे येते, पंप करंगळीकडे.

सुरुवातीला नुसती खाज सुटल्यासारखं वाटतं. वहिनी पंप लावून यायची, माझ्या हातावर 'पंप' लिहायची, आणि मी नुसतीच मान हलवायची. मग हळूहळू कळायला लागलं. पंप सलग गुरगुरतो. विहिरीचं पाणी तळाला गेलं की ती थरथर मध्येमध्ये तुटते. आता मी वहिनीच्या आधी जाऊन बटण बंद करते. दुसरा फायदा माझ्या स्वतःच्या आवाजाचा. पूर्वी घरात सारखं कुणीतरी 'हळू बोल' म्हणून खूण करायचं. आता माझा आवाज चढला की मनगटावर मलाच कळतो.

शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा ढोलासाठी पट्ट्याची गरजच नव्हती, तो छातीतच वाजतो. पण ताशा वेगळा कळला! अंगठ्याकडे बारीक तडतड. आजवर मला तो ढोलातच मिसळलेला वाटायचा.

जूनपासून मात्र याचं काही खरं नाही. आमचं घर समुद्राकडच्या वाडीत, पडवीवर पत्रे. पाऊस धरला की चारही मोटरी एकदम सुरू होतात, त्यात समुद्राची गाज. दार वाजलं काय, अंगणात नारळ पडला काय, सगळं सारखंच. संवेदनशीलता कमी केली तर पावसाबरोबर बेलही जाते. त्या दिवसांत मी दाराच्या बेलला जोडलेला थरथरणारा रिसीव्हर खिशात ठेवते. त्याला संदेश रेडिओने येतो, त्यामुळे पाऊस कितीही वाजला तरी फरक पडत नाही.

खाऱ्या हवेने आणि घामाने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या. विक्रेता म्हणाला, ओलाव्याने झालंय, वॉरंटीत बसत नाही. आता कोकणात ओलावा नसणार तर काय असणार? मी रोज पिना सुक्या फडक्याने पुसते.

नजर चांगली असेल तर आधी फोनवरची सोय वापरून बघा. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीत 2020 पासून आवाज ओळखून फोन थरथरतो आणि कसला आवाज ते लिहून दाखवतो, तेही फुकट. पट्टाच हवा असेल तर दिवाळीनंतर घ्या, म्हणजे सवय व्हायला कोरडे महिने मिळतात.