मटन स्ट्रीटवर मोहीम पदकं घेताना: चकाकी सोडा, कड वाचा

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात, जुनी लष्करी पदकं मिळतात, आणि खरीही मिळतात. पण दुकानदार काचेच्या कपाटातून जपून बाहेर काढतो ते पदक बहुतेक वेळा घेण्यासारखं नसतं. टोपीचे बिल्ले, बटणं आणि परदेशी नाण्यांच्या ताटलीत तळाशी काळं पडून राहिलेलं असतं, ते घरी आणावं असं निघतं. इथे भाव ठरतो धातूवर आणि चमकेवर. पदकाचा इतिहास मात्र त्याच्या कडेवर कोरलेला असतो, आणि कड वाचायला बाजारात कुणाला सवड नसते. वाचणाऱ्याचा फायदा आहे तो इथेच.

कडेवर म्हणजे तीन-एक मिलिमीटर जाडीच्या काठावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. नंबर पलटणीपुरता असायचा, त्यामुळे पलटणीशिवाय नुसत्या नंबराला अर्थ नाही. मराठी आडनावांची स्पेलिंगं कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी पडलेली दिसतात. त्यामुळे ओळखीच्या स्पेलिंगचा हट्ट धरू नका, मोठ्यानं वाचून पाहा.

पहिल्या महायुद्धाच्या पदकावर मराठा पलटणींचे आकडे १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे येतात. १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात अडकलेल्या पलटणी, त्यामुळे हे आकडे दिसले की पदक खाली ठेवू नका. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणून १९१४-२० च्या पदकावर '५ मराठा' दिसलं तर थांबा आणि अक्षरं भिंगाखाली घ्या.

या बाजाराची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची पदकं. ब्रिटिश सैनिकांना स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) आणि वॉर मेडल बिननावाची मिळाली, भारतीय सैनिकांची मात्र नावं घालून दिली गेली. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार यांच्या पाठीवर नाव-नंबर ठोकलेला असेल तर ते एका माणसाचं पदक आहे. पाठ कोरी असेल तर ते खोटंच असं नाही, पण त्यातून पुढे काही शोधता येत नाही, म्हणून पैसे तसेच द्या. भारताचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल आणि सिंहाचं वॉर मेडल कोणी 'चांदीचं' म्हणून दाखवलं तर ऐकून घेऊ नका. दोन्ही तांबं-निकेलच्या मिश्रधातूची आहेत. आणि एकाच पट्टीवर बर्मा स्टार नि पॅसिफिक स्टार शेजारी दिसले तर ती पट्टी कुणीतरी नंतर जुळवलेली आहे. एका माणसाला या दोहोंपैकी एकच स्टार मिळायचा, दुसऱ्यासाठी रिबनीवर क्लॅस्प, म्हणजे नावाची छोटी आडवी पट्टी, यायचा.

पहिल्या महायुद्धाचं बाजारातलं चित्र वेगळं आहे. पिवळ्या कांशाचं, इंद्रधनुषी रिबनीचं व्हिक्टरी मेडल एकटंच सापडतं. नियमानं त्याच्याबरोबर ब्रिटिश वॉर मेडल असायलाच हवं. ते जातं कुठे? ते चांदीचं, सुमारे एक औंसाचं. चांदी कडाडली की अशी पदकं थेट भट्टीत गेली. आजही दुकानदार त्याचा भाव सराफाच्या काट्यावर धरतो, त्यामुळे चांदीच्या दराखाली ते मिळेल ही आशा सोडा. मजूर तुकड्यांना हेच पदक कांशात दिलं होतं. तपकिरी दिसलं म्हणून नक्कल समजून परत ठेवू नका.

इथेच एक शिफारस. मर्कंटाइल मरीन वॉर मेडल दिसलं तर त्याचा विचार जरूर करा. कांशाचं, हिरव्या-लाल रिबनीचं हे पदक व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं. कडेवर फक्त नाव असतं, जहाज नाही, नंबर नाही, म्हणून दुकानदाराला ते अपुरं वाटतं. कोकणातले किती खलाशी मुंबई बंदरातून गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते अपुरं वाटणार नाही. मटन स्ट्रीटवरून चालत जाण्यासारख्या अंतरावर, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. पदक घेण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

एकोणिसाव्या शतकातलं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं काही घ्यायचं असेल तर सावध राहा. इंडिया जनरल सर्व्हिस मेडल १८५४ चं आणि १९०८ चं, दोन्ही इथे फिरतात. पहिल्यावर किरमिजी रिबनीत दोन निळे पट्टे, दुसऱ्यावर हिरव्या रिबनीत मधोमध निळा. गोंधळ होतो तो क्लॅस्पचा, म्हणजे मोहिमेच्या नावाच्या आडव्या पट्टीचा. साध्या क्लॅस्पचं खरं पदक घेऊन त्यावर दुर्मीळ पट्टी चढवली जाते. रिव्हेट सैल किंवा नवे वाटतात का पाहा, आणि कडेवरची पलटण त्या मोहिमेत होती का हे आधी तपासा. १९०८ चं पदक लंडन आणि कोलकाता अशा दोन टांकसाळींत पडलं, त्यामुळे सस्पेंडरच्या, म्हणजे रिबन ओवायच्या दांडीच्या, पकडीत थोडा फरक असतो. तेवढ्यावरून ते खोटं ठरवू नका.

मुंबईकरानं शोधावं असं पदक म्हणजे १८६७-६८ चं ॲबिसिनियन वॉर मेडल. ॲबिसिनियावरची (आजच्या इथिओपियावरची) जनरल नेपियरची ती मोहीम मुंबईतूनच निघाली होती. आकार नेहमीच्या ३६ मिलिमीटरऐवजी ३२. ब्रिटिश सैनिकाचं नाव कडेवर नसून पाठीच्या मध्यभागी उठावात असतं, भारतीय तुकड्यांच्या पदकांवर ते ठोकलेलं असतं. हे माहीत नसलं की 'कड कोरी आहे' म्हणून खरं पदक हातचं जातं.

खडकी, पुणे, कोरेगावच्या लढायांचे क्लॅस्प असलेलं आर्मी ऑफ इंडिया मेडल मात्र इथे घेऊ नका. आपल्याकडच्या संग्राहकाचा जीव त्यातच अडकतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. हे पदक १८०३ ते १८२६ च्या लढायांचं, पण जाहीर झालं १८५१ साली, आणि तोवर हयात असलेल्यांनी अर्ज केले त्यांनाच मिळालं. भारतीय शिपायांची तर फारच थोडी आहेत. १८१८ च्या लढाईवर व्हिक्टोरियाचं तोंड कसं, ही शंका निराधार आहे, खऱ्या पदकावरही तेच आहे. पण गठ्ठ्यात सहज पडलेलं हे पदक खरं असण्याची शक्यता नगण्य. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पदकाचंही तसंच. इंग्लंडचं ४८ मिलिमीटरचं, कोलकात्याचं ४५ चं. असल्या वस्तू फोर्टातल्या नाणे-लिलावांत घ्याव्यात. तिथे छापील वर्णन मिळतं आणि परत करण्याची अट असते. बोलीवर खरेदीदाराचं कमिशन आणि जीएसटी चढतो, तो आधी विचारून घ्या.

सोबत दहापट भिंग, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा आणि लहान चुंबक ठेवा. ओतीव नक्कल थंड होताना आकसते, त्यामुळे ३६ चं पदक ३५ च्या आसपास भरतं. राजाच्या केसांच्या रेषा साबणासारख्या मऊ दिसतात, खोलगट जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेवर साच्याची शिवण घासलेली कळते. पोलादी गाभ्याची नक्कल चुंबकाला चिकटते, पण चिकटली नाही म्हणजे खरी असा उलट अर्थ काढू नका.

नाव पुसून दुसरं घातलेलं पदक ओळखायला जास्त कसब लागतं. व्हर्नियरनं चार-पाच ठिकाणी व्यास मोजा. घासलेल्या भागात तो कमी भरतो. मग कड सरळ पट्टीला लावून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. मध्येच उजेड झिरपला तर तिथे कानस फिरली आहे. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर आलेला असतो, कोरलेल्या अक्षरात नांगराच्या तासासारखी चर दिसते. जुन्या भारतीय पलटणींच्या पदकांवर वळणदार हस्ताक्षरात कोरलेली नावंही अस्सल असतात. म्हणून नुसत्या कोरीवपणावर भांडू नका, कालखंडाशी ताळा लावा.

मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बहुतेक बंद असतात. इतर दिवशी अकरानंतर जा आणि दुपारी गर्दी व्हायच्या आत ताटल्या चाळून घ्या. दुकानात पदक चोळून चमकवायला निघाले तर लगेच थांबवा. पितांबरी, चिंच, ब्रासो, काहीही नको. दर घासणीला नावाच्या अक्षरांचे काठ जातात, आणि कडेवरचं नाव गेलं की उरतो तो धातू.

घरी आणल्यावर मुंबईची हवाच सगळ्यात मोठा त्रास देते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तांब्या-कांशाच्या पदकांवर पावसाळ्यात हिरवा चिकट थर येतो, कारण त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं. पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. लोकरी फेल्ट आणि वर्तमानपत्र यांत गंधक असतो, त्यानं चांदी काळवंडते. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की गरम करून परत कोरडं करा. रिबन धुऊ नका. तिला लावलेली लोखंडी पिन तेवढी आधी काढा, कारण गंजाचा डाग नंतर निघत नाही.

शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरातन वस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची बहुतेक पदकं आता त्यात मोडतात. 'लंडनला पाठवून विकू' असा सल्ला मिळाला तर दूर राहा.

आणि एकाच पट्टीवर एकाच नावाची, नंबर जुळणारी तीन-चार पदकं दिसली, तर दुकानदार सुटी करून द्यायला तयार होईल, त्यातली चांदीची आधी काढून देईल. तसं घेऊ नका. सगळा गट एकत्र मागा. परवडत नसेल तर कडेवरचं नाव, नंबर आणि पलटण वहीत उतरवून घ्या आणि पट्टी जशी होती तशी परत ठेवा.