शेतात सापडलेला चमचा: चांदीचा, शेफिल्ड प्लेटचा की ईपीएनएसचा?

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना काळवंडलेला चमचा हाती लागतो. दांडीमागे चार-पाच बारीक ठसे दिसतात आणि ओढ लागते ती कारागिराची आद्याक्षरं वाचायची. फसगत तिथूनच सुरू होते, कारण तीच दोन अक्षरं वापरणारे कारागीर वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गावांत होऊन गेले. म्हणून आधी धातू ठरवा, मग गाव, मग साल. अक्षरांकडे सगळ्यांत शेवटी वळा.

धातूचा प्रश्न मुख्यतः तिघांमध्ये असतो:

| | स्टर्लिंग | शेफिल्ड प्लेट | ईपीएनएस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) |
|---|---|---|---|
| आत काय | 92.5 टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं | तांब्याच्या पत्र्यावर तापवून जोडलेला चांदीचा पत्रा | तांबं, निकेल आणि जस्त. वर विजेने चढवलेला मुलामा |
| झिजलेली कड | आतबाहेर एकच रंग | तांबूस | पिवळट करडी |
| घनता | सुमारे 10.3 | 9 च्या थोडी वर | सुमारे 8.7 |
| कधीपासून | 1300 च्या कायद्याने कस ठरला | 1743 च्या सुमारास | एल्किंग्टन यांचं पेटंट, 1840 |

मातीतून निघालेल्या वस्तूचा रंग पाहून निकाल देऊ नका. स्टर्लिंगमधल्या तांब्यामुळे खऱ्या चांदीवरही हिरवे डाग पडतात. घनता मात्र घरी मोजता येते. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आधी कोरडा चमचा तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. कोरड्या वजनाला घटलेल्या वजनाने भागा. 18 ग्रॅमचा चमचा पाण्यात 1.74 ग्रॅमने घटला तर भागाकार 10.3 येतो, म्हणजे स्टर्लिंग. 2.07 ने घटला तर 8.7 येतो, म्हणजे ईपीएनएस. नक्षीत अडकलेली माती आणि चिकटलेले बुडबुडे आकडा खाली ओढतात. सुरीच्या मुठीवर ही चाचणी चालत नाही, कारण तिथे चांदीचा पातळ पत्रा असतो आणि आत राळ भरलेली असते. अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी) सापडलं तर आधी लोहचुंबक लावा. चार्ल्स हॉर्नर यांच्या डॉर्कस अंगुस्तानात चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद असतं.

ठशांची नक्कल ईपीएनएसवर सर्वाधिक दिसते. ही चार अक्षरं वळणदार गॉथिक लिपीत, चार वेगळ्या चौकटींत ठोकलेली असतात आणि झिजल्यावर हॉलमार्कच (कस तपासल्याचे अधिकृत ठसे) वाटतात. चालणारा सिंह (स्टर्लिंगची खूण) नसेल आणि एखाद्या चौकटीत 'ए1' किंवा नुसता आकडा असेल, तर तो मुलामाच समजा. शेफिल्ड प्लेटवर 1784 नंतर कारागिराचं नाव आणि त्याच्याजवळ घंटा, हात यांसारखं चिन्ह सापडतं.

स्टर्लिंगवरचा चालणारा सिंह 1544 पासूनचा. कस जिथे तपासला त्या गावाचाही ठसा असतो. लंडनचा बिबळ्याच्या डोक्याचा. त्याच्यावरचा मुकुट 1821 मध्ये गेला. बर्मिंगहॅमचा नांगर (जहाजाचा) आणि शेफिल्डचा मुकुट हे दोन्ही 1773 चे. राजाचं डोकं म्हणजे कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 एवढ्याच काळातली. पहिली दोन वर्षं ते खोलगट आणि डावीकडे पाहणारं होतं, नंतर उठावदार झालं. उठावदार डोकं डावीकडे पाहत असेल तर ती व्हिक्टोरिया, उजवीकडे पाहत असेल तर तिच्या आधीचा राजा. सालाचं अक्षर (दरवर्षी बदलणारा ठसा) पुसलं गेलं असलं तरी एवढ्यावर काळ बराच आवळता येतो.

सालाचं अक्षर एकटं कधीच वाचू नका. लंडनचं चक्र 20 अक्षरांचं होतं. पुढच्या चक्रात लिपीचं वळण किंवा चौकटीचा आकार बदलायचा. तेव्हा तोच 'ए' वीस वर्षांनी परत येतो आणि चौकट न पाहणारा माणूस वीस वर्षांनी चुकतो. शेफिल्डमध्ये 1773 ते 1824 या काळात अक्षरं क्रमानेही नव्हती, त्यामुळे तिथे मोजदाद करू नका, तक्ताच पाहा.

ठसे दांडीवर कुठे आहेत हाही पुरावाच आहे. साधारण 1780 पर्यंत ते दांडीच्या अरुंद भागात, चमच्याच्या खळग्याजवळ ठोकत. ठसे उमटल्यावर कारागीर दांडी पुन्हा ठोकून सरळ करायचा आणि ठसे दाबले जायचे. बिबळ्या लांबुळका झालेला आणि सिंह चेपलेला दिसला तर बनावट म्हणून टाकून देऊ नका; त्या काळच्या चमच्यावर असंच दिसायला हवं. पुढे ठसे दांडीच्या रुंद टोकाकडे गेले आणि नीट वाचता येऊ लागले.

ठसा वाचण्यासाठी तिरका प्रकाश सगळ्यांत सुरक्षित. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने माती सोडवून चमचा कोरडा होऊ द्या. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि चमचा हळूहळू फिरवत दहा-बारा फोटो घ्या. एका फोटोत सिंहाची शेपटी उठून दिसते, दुसऱ्यात अक्षराची चौकट. मेणबत्तीची काजळी धरून ठसा चिकटपट्टीवर उचलण्याची युक्ती घरच्या चांदीला ठीक आहे. मातीतल्या चांदीचा ठिसूळ थर पट्टीबरोबर निघून येतो. अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं पाणी तर इथे नकोच. जमिनीत चांदीचा वरचा थर क्लोराइड बनलेला असतो आणि ठशाच्या कडा त्याच थरात शिल्लक असतात. तो गेला की ठसाही गेला.

भारतातून परतलेल्या ब्रिटिश कुटुंबांचं सामान चौथीच अडचण उभी करतं. कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीच्या वस्तूंवर हत्ती असतो आणि इंग्रजी पद्धतीचे ठसेही असतात, तर भुजच्या ओमरसी मावजी यांच्या कामावर त्यांची आद्याक्षरं आणि गावाचं नाव. तेव्हा भारतात कस तपासणारं सरकारी कार्यालय नव्हतं, त्यामुळे या ठशांवरून कारागीर कळतो, पण कसाची हमी मिळत नाही.

हे सगळं कायद्यासाठीही लागतं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर अॅक्टनुसार सापडतेवेळी 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते. शेफिल्ड प्लेट आणि ईपीएनएस वयामुळेच या कलमाबाहेर राहतात. खरी कसोटी लागते ती बसलेल्या ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) ठशाशी. 95.84 टक्क्यांचा तो कस 1697 ते 1720 सक्तीचा होता, पण पुढे ऐच्छिक म्हणून चालूच राहिला. म्हणजे ब्रिटानिया दिसली तरी सालाचं अक्षर पाहावंच लागतं. शंका असेल तर ठसा आणखी साफ करत बसण्यापेक्षा चमचा आहे तसा जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न्या. महाराष्ट्रात असाल तर 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू होतो: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

आता अक्षरं. सक्तीच्या ब्रिटानिया काळात कारागीर आडनावाची पहिली दोन अक्षरं ठोकत, म्हणून पॉल द लामेरी यांचा ठसा 'एलए'. 1739 च्या कायद्यानंतर सगळ्यांना नाव आणि आडनावाची आद्याक्षरं घ्यावी लागली. हेस्टर बेटमन यांचा 1761 मध्ये नोंदलेला 'एचबी' लपेटदार अक्षरांत आहे. ठोकळेबाज 'एचबी' दिसला तर दुसरं नाव शोधा. लंडनच्या मोठ्या वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची 1758 ते 1773 दरम्यानची नोंदवही हरवलेली आहे, त्यामुळे त्या वर्षांतल्या चमच्याला साल मिळतं पण नाव मात्र बरेचदा 'बहुधा' असं लिहूनच द्यावं लागतं.