मँडेलबल्ब साकारताना: किरण चालवावा की जाळी विणावी?

डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांनी २००९ मध्ये जगासमोर आणलेला मँडेलबल्ब, म्हणजे एकच सूत्र पुन्हा पुन्हा लावून घडणारा त्रिमितीय फ्रॅक्टल (कितीही जवळ गेले तरी नवे बारकावे दाखवणारा आकार), स्वतःच्या कोडने साकारायचा, तर मुख्यतः दोन मार्ग दिसतात.

पहिला रे मार्चिंगचा. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडायचा, तो जिथे असेल तिथून पृष्ठभाग किमान किती दूर आहे याचा अंदाज बांधायचा आणि तेवढेच अंतर त्याला निर्धास्तपणे पुढे न्यायचे. हा अंदाज देणारे सूत्र आश्चर्य वाटावे इतके छोटे आहे: अंतिम त्रिज्येला (सूत्र पुन्हा पुन्हा लावल्यावर बिंदू केंद्रापासून जितका दूर जातो त्या अंतराला) तिच्या लॉगरिदमने गुणायचे, पुनरावृत्तीगणिक वाढवत नेलेल्या डेरिव्हेटिव्हने (बदलाच्या दराने) भागायचे आणि आलेल्या संख्येचे अर्धे करायचे. अर्थात, अंदाज तो अंदाजच. किरण कधी पृष्ठभाग भेदून आत शिरतो आणि चित्रावर रवाळ ठिपके उमटतात, तेव्हा पाऊल थोडे आखूड करावे लागते. मात्र मेमरी जवळजवळ लागतच नाही, आणि ३२ बिटांच्या संख्यांची अचूकता संपेपर्यंत कितीही जवळ जाता येते.

दुसरा मार्ग अवकाशाचे घनाकार तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यातून पृष्ठभाग कसा जातो ते पाहणाऱ्या १९८७ च्या मार्चिंग क्यूब्स पद्धतीने त्रिकोणांची जाळी काढण्याचा. येथे प्रत्येक बाजूस १०२४ तुकडे घेतले, तरी एकूण संख्या १०७ कोटींवर जाते. बारकावा दुप्पट केला की ती आठपट होते. शिवाय अधांतरी सुटलेले कण वेचून काढण्याचे किचकट काम उरतेच.

माझ्या मते चित्र किंवा अॅनिमेशन हवे असल्यास पहिलाच मार्ग धरावा. थ्रीडी प्रिंट काढायची असेल, तेव्हा मात्र जाळीला पर्याय नाही.